सभेचं इतिवृत्त

एल्डन ग्रोव्ह, आयोवा. ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार.
चर्चच्या तळघरात नऊ खुर्च्या,
कोपऱ्यात कॉफीचं भांडं गुरगुरतंय,
बाहेर मका कापणारी यंत्रं
दिवे लावून शेतं विंचरताहेत.

मी चिटणीस. प्रमिला उजागरे, मूळ राहणार जालना.
इथं मला पॅम म्हणतात. चालतं.
यांच्याच कुणा पणजोबानं
माझ्या पणजोबांना मंडळीत आणलं,
तेव्हापासून आमच्या घरात
तंबाखू आणि खोटं बोलणं, दोन्ही बंद.

विषय पहिला : छताची गळती. पुढच्या सभेवर.
विषय दुसरा : डेल क्रॅब्ट्री यांना
निवडणुकीआधीच्या रविवारी
व्यासपीठावरून बोलू द्यावं का.

डेल म्हणजे तिसरं लग्न.
डेल म्हणजे पगाराआधी कर्ज देणारी चार दुकानं;
व्याजाचा आकडा मी इथं लिहीत नाही,
भिंतीवर लहान मुलांची चित्रं आहेत.
पण डेल म्हणतो,
न जन्मलेल्यांच्या बाजूनं मत देईन.
आणि देईलही. हीच तर अडचण.

ऑर्व्हिल स्टकी उठले. वय एक्क्याऐंशी,
शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं.
म्हणाले, "नळ फुटला की मी प्लंबर बोलावतो,
त्याच्या बायका मोजत बसत नाही."
सगळे हसले. पाळकही, जरा उशिरा.

मला आठवला आपला अडला हरी.
पण गाढवाचे पाय इंग्रजीत कसे धरायचे
या विचारात पेनची शाई वाळली.

केलेब ड्रेयर, सर्वांत तरुण, बुटांना चिखल,
खाली बघत म्हणाला,
"मग रविवारी आपण मुलांना शिकवतो काय?"
कुणीतरी बिस्किटांची बशी
त्याच्यापुढे सरकवली.

मागच्या आठवड्यात छताची बिलं शोधताना
बॉयलरमागच्या कपाटात मला
सत्त्याऐंशी सालचं बुक सापडलं होतं.
लोर्ना स्टकी, वय एकोणीस.
अविवाहित, गरोदर.
नाव मंडळीच्या यादीतून कमी.
सूचक : ऑर्व्हिल स्टकी, वडील.
आपल्याकडे हा शब्द बापालाही चालतो
आणि मंडळीच्या पंचालाही.
इंग्रजीत दोन लागतात.
त्या दिवशी माणूस मात्र एकच पुरला.

लोर्नानं बाळ ठेवलं.
कुणी तिच्यासाठी प्लंबर बोलावला नाही.
तो मुलगा डेव्हनपोर्टला वायरमन आहे,
नाक थेट आजोबांचं, म्हणतात.
आजोबांनी ते पाहिलेलं नाही.

मतदान. सहा विरुद्ध तीन.
ऑर्व्हिल यांचा हात वर गेला,
तोच उजवा, आता थरथरणारा,
आणि सहांत एक माझा.
विचारू नका.
न जन्मलेले मलाही झोपू देत नाहीत.
त्या चार दुकानांबाहेरची रांगही नाही.
पण हाताला दोनच जागा असतात,
वर, नाहीतर मांडीवर,
आणि मांडीवर वही होती.

हे खरं कारण नव्हे. खरं कारण असं की
सगळे बघत होते.

ठराव मंजूर. प्रार्थना. खुर्च्या भिंतीला.

बाहेर पार्किंगमध्ये ऑर्व्हिल यांचा पिकअप
तसाच उभा, इंजिन बंद.
काच खाली आली. "पॅम,
जुनी बुकं कुठं ठेवतात?"
"बॉयलरमागं."
"किल्ली?"
मी पर्समध्ये हात घातला,
रुमाल, पावत्या, खोकल्याच्या गोळ्या,
किल्ली बोटांना लागलीसुद्धा.
"राहू दे," ते म्हणाले. "आज नको."

काच वर गेली.
शेतातलं यंत्र वळलं,
त्याचा उजेड क्षणभर आम्हा दोघांवरून फिरला
आणि पुढच्या ओळीत गेला.

वरील मजकूर
इतिवृत्तात घेतलेला नाही.